लेखाची पट्टी

मराठी माणूस दुसऱ्याचा पगार अगदी बिनदिक्कत विचारतो. नंदीग्राम एक्सप्रेसमध्ये परभणीला शेजारी येऊन बसलेले गृहस्थ पूर्णा यायच्या आत तुमचा पगार, तरोडा नाक्याकडच्या प्लॉटचा भाव, थोरल्या जावयाचं पॅकेज आणि मोतीबिंदूला आलेला खर्च काढून घेतात. सांगणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. पण हाच माणूस लेखक असला आणि संपादकाचा फोन आला, की 'मानधन किती देणार?' एवढं वाक्य त्याच्या घशातून वर येत नाही. आवंढा येतो, खोकला येतो, 'बघू, जमवतो' येतं. पैशाचं तेवढं येत नाही.

हे फोन साधारण पोळ्याच्या सुमारास सुरू होतात. "सर, यंदाच्या दिवाळी अंकात तुमचं काहीतरी पाहिजेच." विषय? "तुमच्या आवडीचा." केवढा? "शब्दांचं बंधन नाही. फक्त दीड हजाराच्या पुढं नको." युनिकोडमध्ये पाठवा, सोबत चार ओळींचा परिचय, फोटो अलीकडचा. इथवर सगळं ठरतं. मग फोन ठेवता ठेवता, आत्ताच आठवल्यासारखं, "सर, लातूरला तुमच्या बऱ्याच ओळखी आहेत म्हणे. एखाद्या क्लासवाल्याची फुल पेज मिळाली तर बघा की." म्हणजे लेखही लेखकानंच द्यायचा आणि त्याच्या समोरच्या पानावरची जाहिरातही त्यानंच आणायची.

यात संपादकावर रागवण्यात अर्थ नाही. आमच्याकडचा दिवाळी अंक विक्रीवर चालत नाही. तो पतसंस्था, साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि लातूरचे क्लासेस यांच्या शुभेच्छांवर चालतो. कागदवाला उधार देत नाही. छापखाना निम्मे पैसे आधी मागतो. मुखपृष्ठाचा चित्रकार मुंबई-पुण्याचा असेल तर तोही मागतो. एसटीचं पार्सल तर रोखीशिवाय हलतच नाही. या सगळ्या यादीत पैसे न देता ज्याच्याकडून काम होतं असा एकच इसम उरतो, आणि त्याचं नाव अनुक्रमणिकेत ठळक टायपात छापलेलं असतं.

माझे साडू लातूरच्या मार्केट यार्डात आडत करतात. वाचनाचा त्यांना नाद नाही, पण माझ्याविषयी त्यांना काळजी आहे. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची आवक सुरू झालेली असताना मी एकदा त्यांच्या दुकानात बसलो होतो. "सध्या काय लिहायलाव साडूभाऊ?" त्यांनी विचारलं. म्हटलं, एका दिवाळी अंकाला लेख दिलाय. "बरं. मग काय भाव गेला?"

मी सांगितलं, भाव असा काही ठरलेला नसतो. त्यांना ते कळेना. त्यांनी समोरच्या पुस्तकातली एक पट्टी फाडून माझ्या हातात दिली. पातळ पिवळसर कागद, कार्बनची निळी अक्षरं. वर शेतकऱ्याचं नाव, गाव. खाली कट्टे, वजन, भाव, एकूण. त्यातून हमाली वजा, तोलाई वजा. आणि तळाशी हातात पडणारी रक्कम, तिच्याभोवती पेननं काढलेला एक गोल. आडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, हेही त्यांनी मला समजावून सांगितलं. "भाव पटंना तर माणूस माल गाडीत घालून परत नेतोय. पण भाव काय निघाला ते त्याला तिथंच कळतंय का नाही? तुमची पट्टी दाखवा की."

माझी पट्टी नव्हती. सोयाबीनला २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाला होता. यार्डात त्याहून कमी मिळाला की शेतकरी चिडतो, मोर्चा काढतो, आणि योग्यच करतो. कारण आपण कितीनं बुडालो हे त्याला रुपयांत सांगता येतं. लेखाला हमीभाव नसल्यामुळे आपल्याला कमी मिळाले असंसुद्धा लेखकाला म्हणता येत नाही. ओलावा मोजण्याचं यंत्र मात्र दोन्हीकडे आहे. सरकारी खरेदी केंद्रावर बारा टक्क्यांच्या वर ओल निघाली की माल बाजूला काढतात. माझ्या लेखांत ओल जरा जास्त असते असं एक संपादक मला म्हणाले होतेच.

इंग्रजीत हे सगळं वेगळं चालतं, असं माझी भाची सांगते. ती हैदराबादेत नोकरी करून इंग्रजी मासिकांना लिहिते. तिथे आधी लेख पाठवायचाच नाही. दोन परिच्छेदांचं पत्र लिहायचं: काय लिहिणार, आत्ताच का, आणि मीच का. संपादकाला पटलं तर तो शब्दसंख्या, शब्दामागे दर आणि तारीख कळवतो. लेख मागवून नंतर छापला नाही, तरी ठरल्या रकमेतला काही हिस्सा अनेक ठिकाणी देतात. कुठलं मासिक शब्दाला किती देतं याच्या याद्याच लेखक मंडळी एकमेकांना पाठवतात. ऐकून मी थक्क झालो. आमच्याकडे एखाद्या संपादकाला 'मीच का' असं लिहून पाठवलं, तर तो 'बरोबर आहे, तुम्हीच का?' असं म्हणून दुसऱ्याला फोन लावील. मात्र भाचीनं पुढचंही सांगितलं, म्हणून तिच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला. अशा दहा पत्रांतल्या नवांना उत्तरच येत नाही, आणि ठरलेले पैसे यायला कधी कधी दोन ऋतू जातात. आमचे संपादक निदान फोन उचलतात. स्वतःहून करतात.

दिवाळी अंकाची कल्पनाही तशी तिकडूनच आली. आजगावकर हे आडनाव मागे ठेवून 'मित्र' झालेल्या काशीनाथ रघुनाथांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तो इंग्रजी मासिकांचे नाताळचे अंक पाहून. आम्ही अंक उचलला. त्याच्याबरोबरचा हिशेब बोटीतच राहिला की काय, कोण जाणे. आमच्या गोदाकाठापर्यंत तरी तो पोचलेला नाही.

मग शंभर-सव्वाशे वर्षं मराठी मासिकांत एवढं लिहिलं कोणी आणि कशाच्या जोरावर? याचं उत्तर साहित्याच्या इतिहासात सापडत नाही, पगारपत्रकात सापडतं. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. फडके प्राध्यापक, गंगाधर गाडगीळ प्राध्यापक, विंदा प्राध्यापक. मर्ढेकर आकाशवाणीत. आमच्या नांदेडचे नरहर कुरुंदकर इंटरला पुन्हा पुन्हा नापास होऊन आधी शाळेत शिक्षक आणि मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक, पुढे प्राचार्य झाले. नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत त्यांनी जे लिहिलं, ते लिहिणाऱ्याच्या घरचा किराणा मासिकांनी भरलेला नाही. तो कॉलेजनं भरला. मराठीतल्या वैचारिक लेखनाचा खरा प्रायोजक म्हणजे दर महिन्याला निघणारं वेतनबिल. मासिकांनी मान दिला, धन सरकारनं. ही व्यवस्था इतकी गुपचूप आणि इतकी सुरळीत चालली, की मानधनाचा प्रश्न विचारणं हे गरजू माणसाचं लक्षण ठरलं. पगारदार माणसाला ते शोभेना. माझ्या पिढीच्या घशातला आवंढा तिथला आहे.

मासिकांची रीतही त्याला धरूनच होती. 'सत्यकथे'ला साहित्य पाठवायचं तर सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं, म्हणजे साभार परत यायचा खर्चही लेखकाचाच. लघुअनियतकालिकवाल्यांनी १९६९ मध्ये 'सत्यकथे'ची होळी केली ती अभिरुचीच्या भांडणातून. पाकिटावरच्या तिकिटांबद्दल कोणी भांडल्याचं ऐकिवात नाही. आणि जे भांडले त्यांनी स्वतःची अनियतकालिकं काढली, ती तर खिशातले पैसे घालूनच. औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' वर्षानुवर्षं चालवलं, एका अख्ख्या पिढीला त्यातून लिहितं केलं. त्यात लिहिणारा लेखक 'किती देता?' असं विचारायला गेला नाही, आणि गेला नाही हे बरोबरच होतं. काही अंकांना लेखकच काहीतरी देणं लागतो.

आताची अडचण वेगळी आहे. कुरुंदकरांच्या जागेवरचा आजचा मुलगा नेट-सेट होऊन, कधी पीएच.डी. करूनही, नांदेड-लातूरच्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो. शिकवले तेवढ्याच तासांचे पैसे. परीक्षेच्या महिन्यात नाहीत, उन्हाळ्यात नाहीत. वेतनबिलाची जुनी सावली त्याच्या डोक्यावर नाही. त्यामुळे त्याला हा प्रश्न विचारायला लाज वाटत नाही, आणि मला ते पाहून बरं वाटतं. पण त्याची थट्टा बघा. मुलाखतीला गुण मिळावेत म्हणून त्याला शोधनिबंध छापावे लागतात, आणि आयएसएसएन क्रमांकवाली कित्येक शोधनियतकालिकं निबंध छापण्याचे पैसे उलट त्याच्याकडूनच घेतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं चांगल्या नियतकालिकांची 'केअर' यादी केली, ती २०२५ मध्ये बंदही केली. शुल्क तेवढं चालू आहे. लेखकाला चांगले पैसे देणारी मासिकं कोणती, अशी विचारणा त्यानं माझ्याकडे केली, तेव्हा आधी मी त्याला पैसे न घेणारी सांगितली.

देणारे अगदीच नाहीत असं नाही. नांदेडच्या आकाशवाणी केंद्रावरून भाषणाचं बोलावणं आलं, की आधी कराराचा कागद येतो आणि त्यावर रक्कम छापलेली असते. न विचारता, न खाकरता. रक्कम मोठी नसते, पण तो कागद हातात घेतल्यावर माणूस ताठ बसतो. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आणि मुलांसाठी लिहिणाऱ्याला मानधन देतं. कॅलेंडरांच्या पानामागचे लेखही लोक विसरतात. 'कालनिर्णय' १९७३ पासून घराघरांत आहे. तिथे तुमचा लेख महिनाभर भिंतीला तोंड करून उभा असतो आणि समोरच्या बाजूला दुधाचे खाडे मांडले जातात. पण महिना पालटताना, गॅस सिलेंडरची तारीख शोधताना, कोणीतरी तो उभ्या उभ्या वाचतंच. इतका वाचकवर्ग कुठल्या दिवाळी अंकाला नाही.

आणि खरे देणारे तर वेगळेच आहेत. त्यांच्याकडे लेखकाचं नाव छापत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांकडून एकजण गाडी घेऊन घरी आला. साहेबांची एकसष्टी होती, गौरवग्रंथ काढायचा होता, त्यात 'संघर्षगाथा' नावाचा मोठा लेख हवा होता. चहा यायच्या आत त्यानं विचारलं, "पानाला किती घेता?"

इतक्या वर्षांच्या लिखाणात हा प्रश्न मला इतक्या सरळ कोणी केला नव्हता. मी काही बोलेना, तेव्हा त्याला वाटलं मी घासाघीस करतोय, आणि त्यानं स्वतःच आकडा सांगून वर अर्धे आगाऊ टेबलावर ठेवले. मग मजकुराकडे वळलो. "बालपण हलाखीत गेलं असं पायजे," तो म्हणाला. मी म्हटलं, अहो, पण त्यांचे वडील निजामाच्या काळातले मालीपाटील. ऐंशी एकर जमीन, दारात दोन घोडे. तो जरा विचारात पडला. "मग असं करा," तो म्हणाला, "मनानं हलाखीत गेलं असं लिहा."

लिहिलं. माझ्या सर्व लेखनात शब्दामागे सर्वाधिक पैसे त्याच वाक्याला मिळालेले आहेत. हे साडूंना सांगितलं तेव्हा ते खूष झाले. माझा माल बाजारात चालतो याची त्यांना प्रथमच खात्री पटली. त्यांनी एकच शंका काढली, "मग दिवाळी अंकाला कशाला देताव?" मी म्हटलं, तिथं बालपण जसं गेलं तसं लिहिता येतं. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्यासारखी नव्हती.

त्यांच्याच आग्रहानं मी यंदा फोनवर विचारलं. आवंढा आला, तो बाजूला सारून विचारलं, "मानधनाचं कसं काय?"

संपादक जराही गडबडले नाहीत. "सर, तुम्हीच सांगा की. किती घेता?"

साडूंनी बजावून ठेवलं होतं: सौद्यात बोली खरेदीदार लावतो, माल असणाऱ्यानं आपल्या तोंडानं आकडा काढायचा नाही, गप उभं राहायचं. मी गप उभा राहिलो. तिकडून संपादकही गप. बहुतेक त्यांच्याही नात्यात कोणीतरी आडतीवर असावं. मधे बराच वेळ नुसती लाईन वाजत राहिली. शेवटी त्यांनीच घसा खाकरला.

"पाऊस काय म्हणतोय नांदेडात? विष्णुपुरीचे दरवाजे उघडले म्हणे."

"दोन उघडलेत," मी म्हटलं. "तिसऱ्याचं चाललंय."