पावणेदोनच्या सिस्टर

दुपारची ड्यूटी दोनची. वॉर्डातलं घड्याळ पावणेदोन दाखवतं, तेव्हा खांद्यावरचा पर्सचा पट्टा सारखा करत ज्या बाई दारातून आत येतात, त्यांना आपण पावणेदोनच्या सिस्टरच म्हणू. आडनाव सांगण्यात अर्थ नाही. जवळजवळ प्रत्येक सरकारी दवाखान्यात त्या असतात आणि दरेक ठिकाणी त्यांचं आडनाव वेगळं असतं. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी पंचवीसेक वर्षांची, बदल्या चार, गुडघे दोन्ही दुखरे. कागदोपत्री हुद्दा अधिपरिचारिका. पेशंटच्या लेखी ‘ओ सिस्टर’.

वेळेच्या बाबतीत वॉर्डात इतरही जाती आढळतात. एक ‘आलेच हं’वाल्या. दोनला दहा कमी असताना यांचा फोन येतो, “स्टँडवर उतरलेय, आलेच हं.” स्टँड कुठल्या गावचा, ते सांगत नाहीत. एखादे ब्रदर असतात, ते दोनच्या ठोक्याला हजर आणि आठच्या ठोक्याला पसार; मधल्या वेळात मात्र शोधावे लागतात. रिलीव्हर आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही हा नियम असल्यामुळे सकाळच्या सिस्टरची अख्खी दुपार ‘आलेच हं’च्या हातात असते. म्हणूनच नवी ड्यूटी लिस्ट लागली की मुली आधी आपली पाळी बघत नाहीत, आपल्यामागून कोण येतंय ते बघतात. मागे पावणेदोनच्या सिस्टर आहेत म्हटल्यावर नवखी मुलगी खूश होते. चला, वेळेवर सुटले! जुन्या जणी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघतात.

कारण या बाई वेळेवर येतात हे खरंच आहे, पण त्या ओव्हरही घेतात.

ओव्हर घ्यायचा म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्ड ताब्यात घ्यायचा. एरवी हा कार्यक्रम टेबलाशी उभ्याउभ्या उरकतो. “सगळं तसंच आहे, सात नंबर नवीन, अकराला सलाइन चालू, मी निघू?” पावणेदोनच्या सिस्टरना टेबलावरचा ओव्हर चालत नाही. त्यांना खाटेपाशी जायचं असतं. खाटा चोवीस, आणि जमिनीवर गाद्या टाकून वर आणखी सहा. “तुला घाई नसेल तर एक चक्कर मारू या का?” हे त्या इतक्या अदबीने विचारतात की दोन-वीसची एसटी पकडायची असलेली मुलगीसुद्धा “नाही हो मॅडम, घाई कसली” म्हणून बसते.

हा सोहळा मी नऊ नंबरच्या खाटेशेजारच्या स्टुलावरून पाहिला आहे. खाटेवर आमचे काका होते. मांडीचं हाड मोडलेलं, पाय ट्रॅक्शनला, आणि दोरीच्या टोकाला सरकारी पद्धतीप्रमाणे विटा. काका स्वतः हलू शकत नव्हते आणि मला हलू देत नव्हते.

“नऊ नंबर, फीमर, ट्रॅक्शनवर. शुगर आहे. अँटिबायोटिक गेलंय.”

“किती वाजता?”

“बाराला.”

सिस्टरनी केसपेपर उघडला. सही होती, वेळ नव्हती. “टाकून दे ना वेळ. पेन आहे की देऊ?” मग त्या दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकल्या आणि युरोबॅगकडे बघितलं. “रिकामी केलीस वाटतं. किती होती?”

“चारशे असेल, मॅडम.”

“‘असेल’ म्हणजे किती एमएल गं बाळा?”

मुलीने घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून पाच. सिस्टर तोवर विटांपाशी पोचल्या होत्या. काका सकाळपासून इंचाइंचाने पायथ्याकडे घसरले होते आणि विटा जमिनीला टेकल्या होत्या. ओढ गेल्यामुळे पायाला आराम पडला होता आणि काकांनी सकाळच्या राउंडला डॉक्टरांना “आज एकदम छान आहे” असं सांगूनही टाकलं होतं. सिस्टर म्हणाल्या, “काका, तुम्हाला छान वाटतंय तेच वाईट आहे.” मावशींना हाक गेली, मामा आले, चौघांनी मिळून काकांना वर सरकवलं, विटा पुन्हा अधांतरी लोंबू लागल्या आणि काका पूर्ववत विव्हळू लागले. त्यांनी समाधानाने मान डोलावली. सिस्टरनी, काकांनी नव्हे.

एवढ्यावर भागलं नाही. हाताच्या इंट्राकॅथवरच्या पट्टीवर तारीख नव्हती. त्यांनी बोटाने हलकेच दाबून पाहिलं. “दुखतं?” काका म्हणाले, “सकाळपासून.” आता ही मुलगी बोलणी खाणार, म्हणून मी स्टुलावर सावरून बसलो. नातेवाइकाला वॉर्डात करमणूक फार थोडी असते. पण सिस्टर काकांनाच म्हणाल्या, “हात हलवला असेल तुम्ही झोपेत. होतं असं. बदलू या.” सहकारणीची चूक पेशंटसमोर बोलायची नाही, हा त्यांचा दंडक. सुनावणी होते ती साइडरूममध्ये, दार लोटून, तीही इतक्या हळू आवाजात की बाहेर फक्त स्टरिलायझरचं झाकण ऐकू यावं.

त्यांच्या सौजन्याला पायऱ्या आहेत, आणि त्या उलट्या लागल्या आहेत. सगळं ठीक असेल तर “अगं”. काही राहिलं असेल तर “बाळा”. तेच दुसऱ्यांदा राहिलं तर “सिस्टर”. आणि “मॅडम” म्हणाल्या की मेमोची गरज उरत नाही. हा मान आजवर एकीलाच मिळाला आणि तिने पुढच्याच महिन्यात बदलीचा अर्ज टाकला, असं मावशी सांगतात. मावशींच्या सांगण्यात थोडी भर असते, पण त्या मुलीची बदली झाली हे खरं.

खाटा संपल्या की सामान. बीपीचं मशीन फीमेल वॉर्डाने उसनं नेलेलं असतं, ते आणायला माणूस जातो. ऑक्सिजन सिलिंडरची चावी जागेवर हवी, कारण ती नेमकी सिलिंडर बदलायच्या वेळीच हरवते. ड्रेसिंग ट्रॉलीवरची कात्री तर त्यांनी स्वतः गॉजपट्टीने ट्रॉलीला बांधून ठेवली आहे. डॉक्टरांनी ती एकदा पट्टी कापून नेली. पट्टी कात्रीनेच कापली होती.

या सगळ्यात अडीच वाजतात. इकडे टेबलाशी कोणीच नाही हे पाहून नातेवाईक चिडलेले असतात. “दोन वाजले की यांच्या गप्पा सुरू,” असं पंधरा नंबरवाल्यांच्या मेहुण्यांनी मला रोज सांगितलं. दोघी पोरी-बाया खाटेखाटेपाशी उभ्या राहून हळू बोलतायत म्हणजे गप्पाच, अशी आपली समजूत. एरवी याच मेहुण्यांना बँकेतला कॅशियर नोटा दोनदा मोजतो त्याचं कौतुक. जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स, शिकाऊ डॉक्टरांच्या कॉलेज-हॉस्पिटलात तिघांमागे एक, हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हिशोब. इथे तीस जणांत दोघी, आणि त्यातली एक ओव्हर देऊन घरी जाणारी.

पाळी बदलताना निरोप गळतात आणि त्यातून पेशंटचा घात होतो, हे जगाला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली पेशंटच्या सुरक्षिततेसाठी नऊ उपाय सांगितले, त्यात एक याच देवाणघेवाणीबद्दल आहे. अमेरिकेत तर त्यासाठी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची बोलायची पद्धत दवाखान्यात आणली: आधी आत्ताची अवस्था, मग मागचा इतिहास, मग आपला अंदाज, शेवटी काय करायला हवं ते. तिचं ट्रेनिंग आमच्याकडेही झालं. पावणेदोनच्या सिस्टर पहिल्या रांगेत बसल्या होत्या. चहाच्या वेळी म्हणाल्या, “पद्धत चांगली आहे. फक्त अंदाज तिसरा ठेवलाय ते बरं, आमच्याकडे पहिला असतो.”

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव घेतलं की आपल्याला हातातला दिवा आठवतो. बाईंनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात एक आख्खं प्रकरण मात्र वेगळ्याच गोष्टीवर खर्ची घातलं आहे: आपण असताना जे होतं, ते आपण नसतानाही कसं होईल याची तजवीज. दिवा फोटोत चांगला दिसतो, तजवीज दिसत नाही. म्हणून १२ मेला, बाईंच्या वाढदिवशी, आपण दिवेच लावतो. यंदा कार्यक्रम बाराचा होता. प्रमुख पाहुणे सव्वाला आले. दिवे, शपथ, मग भाषण. भाषण ‘सेवा हेच व्रत’ इथवर आलं तेव्हा एक-चाळीस झाले होते. पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या, पाहुण्यांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडल्या. पाहुण्यांना वाटलं, गहिवरल्या. उत्कृष्ट परिचारिकेचं नाव जाहीर झालं तेव्हा त्या वॉर्डात थर्मामीटर मोजत होत्या. सन्मानचिन्ह मामांनी स्वीकारलं आणि वर आणून दिलं. त्यांनी ते स्टॉकबुकात चढवायचं का, असं इन्चार्ज बाईंना विचारलं म्हणतात.

त्यांच्या जाण्याविषयी मात्र वेळेचा काही नियम नाही. ड्यूटी आठला संपते. त्यांचे यजमान पूर्वी आठला स्कूटर घेऊन पिंपळाखाली उभे राहत. हल्ली साडेआठला येतात आणि पेपर घेऊन येतात.

रात्रीला एक नवे ब्रदर आले. पहिल्या आठवड्यात ते आठ-पाचला यायचे. एकदा त्यांना सिस्टरनी “या, सर” म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ब्रदर पावणेआठला हजर, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी खाटेपाशी ओव्हर घ्यायला सुरुवात केली. एका रात्री सगळं आटोपलं, सिस्टरनी पर्स खांद्याला लावली, तेवढ्यात ब्रदर आले.

“मॅडम, तुम्हाला घाई नसेल तर… टॉर्च लागत नाहीये.”

त्यांनी टॉर्च घेतली, तळहातावर आपटली. नाही लागली. पर्स उघडून त्यांनी दोन पेन्सिल सेल काढले, आत बसवले, ब्रदरच्याच डोळ्यांत उजेड मारून पाहिला. “हे माझे. उद्याच्या इंडेंटमध्ये दोन टाक आणि मला परत दे.”

ब्रदरनी वही पुढे केली. त्यांनी लिहिलं, सही केली.

“वेळ, मॅडम.”

त्यांनी वेळ टाकली. आठ-चाळीस. मग वही परत करता करता थांबल्या.

“अरे, सेल नवे आहेत, ते कुठे लिहिलंस?”