धक्क्याला धक्का नको
लंडनच्या चार्ल्टन भागात थेम्सकाठी अँगरस्टीन धक्का आहे. समुद्रातून उपसलेली वाळू-खडी तिथे उतरते, मालगाडीत भरून पुढे जाते. धक्क्याला सरकारी संरक्षण आहे. शेजारच्या कारखान्यांच्या जागी मात्र नवी वसाहत आखलीय. अशा घरांच्या जाहिरातीत नदी दिसते, धूळ दिसत नाही. राहायला आलेला माणूस लगेच खडखडाटाची तक्रार करणार, तीही स्वतःच्याच भिंतीत बसलेल्या खडीविरुद्ध! म्हणून २०२१च्या लंडन आराखड्याने बजावलं, आवाजाचा बंदोबस्त नंतर येऊन घरं बांधणाऱ्यानेच करावा. बिल्डरांकडे उपाय तयारच असतो: जाड काचा, आणि खिडक्या बंद ठेवा. नदीकाठच्या वाऱ्याचे पैसे तेवढे किमतीत धरलेले असतात.