फुटाला किती, बोटाला किती?

किनवट तालुक्यात बोअरची गाडी शिवारात शिरली की सगळ्यांत मानाचा हात पाणाड्याचा. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला की जागा ठरली. मग दक्षिणा, चहा, फोटो. रात्रभर राबणारे हात मात्र छत्तीसगड-झारखंडच्या पोरांचे, आणि गाडीची नंबरप्लेट बहुधा तमिळनाडूची. त्या हातांकडे बघायला कुणाला सवड नसते, सगळे फूट मोजत असतात.

विंचच्या दोरीला लटकलेला वीस फुटी रॉड डोलत येतो. हेल्परने तो पंजाने सावरून खालच्या रॉडच्या आट्यांवर बसवायचा. कॉम्प्रेसरच्या धडधडीत ‘थांब’ ऐकू येत नाही, म्हणून दुसऱ्या हाताने ऑपरेटरला खूण करायची. सहाशे फुटांना तीस रॉड खाली, तेच तीस वर. म्हणजे साठ वेळा बोटं लोखंडाच्या जबड्यात. 2009चा भूजल कायदा शेतीसाठी साठ मीटरच्या, म्हणजे जेमतेम दोनशे फुटांच्या, खाली जाऊ देत नाही. तो कुणी मनावर घेतला असता तर पाणी वाचलं असतंच, शिवाय चाळीस खेपा बोटंही वाचली असती.

खालून तेल निघालं असतं तर थाट वेगळा. तेलविहीर खोदणाऱ्या ‘सागर सम्राट’ने 1974 साली मुंबई हायला तेल काढलं, समुद्रातल्या त्या कामाला आज 2008ची सुरक्षा नियमावली आणि लक्ष ठेवायला तेल उद्योग सुरक्षा संचालनालय आहे. बोटं तिथेही चिरडतात, पण निदान कागद होतो.

बोअरवरच्या पोरासाठी कायदाच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. 1923च्या भरपाई कायद्याने बोटांचं दरपत्रकच छापून ठेवलं होतं आणि त्यात बोअर पाडणाराही धरला होता; 2025मध्ये तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत मिसळला, दरपत्रक तसंच. तर्जनी 14 टक्के, मधलं बोट 12, करंगळी 7. अंगठा 30 टक्के. वाजवीच आहे, पावतीवर तोच उठवायचा असतो. पगार 15 हजार धरला तर वीस वर्षांच्या पोराची करंगळी 1,41,120 रुपयांची. पगाराची चिठ्ठी तेवढी हवी, आणि ती गाडीवर सापडली तर विहिरीला पाणी लागल्याइतकाच आनंद व्हावा!

दावा दोन वर्षांत लावायचा. अपघात झाला तिथे किंवा जखमी राहतो तिथेही चालतो. एवढी सोय असून दावा लागत नाही, कारण मालक कोण हेच ठरत नाही. शेतकरी एजंटाकडे बोट दाखवतो, एजंट गाडीवाल्याकडे, गाडीवाला फोन उचलत नाही. दाखवायला सगळ्यांकडे बोटं शाबूत.

बोट तुटलं की पोराला गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात नेतात. तुटलेलं बोट जोडायचं तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवून तातडीने पुढे न्यावं लागतं; रात्री दोनला शिवारात बर्फ मागणारा वेडा ठरतो. तिकडे मुकादम एवढंच विचारतो, “डावा ना? मग परवापासून खूण करायला उभा कर.”