उवा येतात कुठून?

अलिबागकर पालकांच्या कीटकशास्त्राला तोड नाही. ऊ कधीच आपल्या घरची नसते, हा त्यातला पहिला सिद्धांत. ती शेजारच्या बाकावरून उडी मारून येते. उवेला पंख नसतात, उडी मारता येत नाही, डोक्याला डोकं लागलं की ती चालत जाते, असं डॉक्टर म्हणतात. पण डॉक्टरांनी आमच्या आळीतली ऊ कुठे पाहिलीय? शिवाय ती राहते फक्त मळक्या केसांत. रोज न्हाणाऱ्या मुलीच्या वेणीत दिसतो तो कोंडा. केसाला घट्ट चिकटलेल्या, नखाने ओढूनही न निघणाऱ्या या कोंड्याला काही अडाणी आज्या लिखा म्हणतात.

मे महिन्यात मात्र एकमत होतं: उवा मुंबईच्या. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने येतात. तेव्हा मांडवा जेट्टीवर प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यातून बारीक फणी फिरवावी आणि सापडेल तिला परतीचं तिकीट द्यावं, अशी आमची नम्र मागणी आहे. निवेदन तयार आहे. सोबत आळीतल्या निरोगी मुलांचा फोटो जोडलाय. सगळी एका चौकटीत मावावीत म्हणून त्यांना डोक्याला डोकं लावून बसवलंय.