काळ्या पाटीवरचा नंबर

जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेल्या माणसांच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला ‘ओरिजिनल’ येतं. आमचे नाना त्यातलेच. घरात १९६६ सालची फियाट डिलाइट आहे, आजोबांनी घेतलेली, आणि ती शंभर टक्के ओरिजिनल आहे असं नाना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. बंपर कुर्ल्याच्या भंगारातून आलाय. हेडलाइटची काच मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात घासाघीस करून घेतलीय. कार्बोरेटर नंतरच्या पद्मिनीचा, हॉर्न कुठल्या तरी मारुतीचा. इंजिन तिचं तिचंच आहे. पण इतक्या वेळा बोअर करून झालंय की आत मूळ धातू किती उरलाय आणि नानांची श्रद्धा किती, हे मिस्त्रीच जाणे.

मग ओरिजिनल उरलं काय? नंबर.

आजच्या पोरांना त्या नंबराचं महत्त्व कळत नाही. १ जुलै १९८९ रोजी नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि गाडीच्या कपाळावर गाव आलं: बारा म्हणजे पुणे, नऊ म्हणजे कोल्हापूर, एकतीस म्हणजे नागपूर. त्याआधी नुसती तीन अक्षरं आणि त्यांच्यापुढे आकडे. उलट्या बाजूने घुसणारा कुठल्या गावचा, हे शिवी देण्याआधी विचारावं लागे. तरीही आमच्या ओळखीत सगळ्यांना आमचा नंबर तोंडपाठ होता, कारण गाडी नेहमी कुणाच्या तरी आड लागलेली असे. माझ्या मुंजीत कार्यालयाच्या लाउडस्पीकरवरून ‘अमुक अमुक नंबरची फियाट कृपया मागे घ्यावी’ हे जितक्या वेळा झालं, तितक्या वेळा गायत्री मंत्रसुद्धा झाला नसेल. नानांना आईचा वाढदिवस आठवत नाही. नंबर मात्र झोपेतून उठवून विचारा. इथे मी तो छापत नाही, कारण आमच्या घरातल्या निम्म्या माणसांच्या एटीएमचा पिन तोच आहे.

तर त्या नंबराची पाटी गंजली. पुढची पाटी खालच्या कडेने इतकी खाल्ली गेली की शेवटचा सात एकासारखा दिसायला लागला. पाटी बदलायचा विषय मी काढला. नाना म्हणाले, ‘‘बदलायची नाही. नीट करायची.’’ आणि अंगणात वर्तमानपत्र पसरून पॉलिशपेपर घेऊन बसले.

या खरडपट्टीत आमच्या घराचा आणि सरकारचा इतिहास एकाच वेळी बाहेर यायला लागला. सर्वांत वर पांढरं रेडियम आणि काळे आकडे. नव्या शतकाच्या सुरुवातीला खासगी गाड्यांच्या पाट्या काळ्याच्या पांढऱ्या झाल्या आणि भाड्याच्या गाड्यांच्या पिवळ्या, त्या काळातला हा थर. त्याच्याखाली देवनागरी आकडे निघाले. कुण्या एका वर्षी नानांचा मराठी बाणा जागा झाला होता. नियम इंग्रजी अक्षरांचा आणि इंग्रजी आकड्यांचा आहे, हे चौकातल्या हवालदाराने त्यांना शुद्ध मराठीत समजावून सांगितलं, दंडही मराठीतच घेतला. त्याच्याही खाली, रेड ऑक्साइडला चिकटून, मूळची काळी पाटी. पांढरी अक्षरं, पेंटरने हाताने काढलेली, पाऊण शब्द झाल्यावर जागा संपत आल्याचं लक्षात येऊन थोडी दाटीवाटी केलेली. कोपऱ्यात पेंटरची सही. नाना त्या सहीकडे अशा नजरेने बघत होते, जसे लोक ताम्रपटाकडे बघतात.

आता तशीच पाटी नव्याने रंगवून घ्यायची ठरली. पुण्यात नंबरप्लेटवाले गल्लोगल्ली आहेत, पण सगळे रेडियमवाले. कॉम्प्युटरवर आकडे टाकायचे, प्लॉटर सरसर कापून देतो, पाच मिनिटांत पाटी तयार. एका दुकानात मी हाताने रंगवायचं म्हटलं, तर पोराने चमकून मशीनकडे बघितलं. त्याला वाटलं वीज गेली. शेवटी नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांच्या गल्लीमागे एक म्हातारे पेंटर सापडले. त्यांना मी मोबाइलवर जुन्या पाटीचा फोटो दाखवला आणि उगाच हुशारी करत विचारलं, ‘‘हा फॉन्ट मिळेल का?’’

‘‘साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘सहासष्ट साली फॉन्ट नव्हता. पेंटर होता.’’

त्यांनी पत्रा घासला, प्रायमर मारला, वर काळ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. वाळल्यावर खडूच्या दोरीने दोन रेघा झटकल्या आणि चपट्या ब्रशने, काठीवर मनगट टेकवून, एकेक आकडा उतरवला. सात काढताना श्वास रोखला होता. बघताना मीही रोखला. त्यांनी पांढऱ्यात पिवळ्याचा एक थेंब टाकला होता. नवी पाटी जुनी दिसली पाहिजे ना! हा थेंब पुढे महागात पडला.

नानांनी ती पाटी लावून गाडी थेट मंडईत नेली. टिळक रस्त्यावर वाहतूक पोलिसाने हात केला, पाटीभोवती एक फेरी मारली आणि आत डोकावून विचारलं, ‘‘काका, भाड्याची का?’’ त्याचं चुकलं नव्हतं. हल्लीच्या नियमात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली गाडी. नानांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. ‘‘अहो, आमचं बिऱ्हाड भाड्याचं होतं! गाडी कायम मालकीची!’’ पोलीस भला होता. पाटी सुंदर आहे, पण चालणार नाही, एवढंच म्हणाला आणि पावती फाडली.

चालणार नाही, या एका गोष्टीवर मग घरात बरीच चर्चा झाली. इंग्लंडात चालते: १९८० पूर्वी बनलेली गाडी ऐतिहासिक म्हणून नोंदवली असली, तर तिला काळी पाटी लावायला मुभा आहे. कॅलिफोर्नियात तर त्याहून मजा. तिथे १९६०च्या दशकातली काळी पाटी, पिवळी अक्षरं, सरकार पुन्हा बनवून देतं आणि जादा पैसे भरून कुणीही कोऱ्या गाडीवर लावू शकतं. सॅन होजेच्या भाच्याने आपल्या विजेवर चालणाऱ्या गाडीला ती लावलीय आणि फोटो पाठवलाय. नानांनी फोटो बघून फोन उलटा ठेवला. ज्या गाडीला चोकसुद्धा नाही तिला काळी पाटी, आणि आपल्याला पावती!

आपल्याकडेही सोय नाही असं नाही. जुलै २०२१मध्ये पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी खास नियम झाले. नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांमागे ‘व्हीए’, म्हणजे व्हिंटेज. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो, हे ऐकून नाना खुर्चीत सरसावून बसले. पण पुढची अट वाचली: ही गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. नाना थोडा वेळ विचार करून म्हणाले, ‘‘चढावर तीन किलो बटाट्यांनी अॅव्हरेज किती पडतं, हे तांत्रिक संशोधनात बसतं का?’’

नंबरांचं वेड काय फक्त जुन्या गाडीवाल्यांनाच असतं? मुंबई-पुण्यात चारचाकीला ०००१ हवा असेल तर सहा लाख मोजावे लागतात. ज्यांना तेवढं परवडत नाही ते २१४ चा राम करतात, ४९१२ चा पवार करतात, ८०५५ चा इंग्रजी बॉस करतात. आकड्यांना वाकवून शेपट्या काढणाऱ्या त्या रेडियमवाल्यांना मी तरी कलावंत मानतो. या साऱ्यांचा बंदोबस्त करायला आली ती हाय सिक्युरिटी पाटी. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच. मग महाराष्ट्रात त्याआधीच्या सगळ्यांनाही सक्तीची. मुदत पहिल्यांदा ३१ मार्च २०२५, मग एप्रिल, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर, डिसेंबर. प्रत्येक मुदतवाढीला आमच्याकडे साखरभात झाला.

या पाटीवर अशोकचक्राचा चमकता होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला क्रमांक असतो, निळ्या रंगात देशाची तीन अक्षरं असतात आणि ती बसते अशा कुलपी खिळ्यांनी की तोडल्याशिवाय निघत नाही. हे सगळं चोरीला आळा बसावा म्हणून. हेतू उत्तमच आहे. पण आमची फियाट चोरायची तर चोराला चोक किती ओढायचा, किती वेळ धरायचा आणि कोणत्या क्षणी सोडायचा हे ठाऊक हवं. ते सध्या पृथ्वीवर फक्त नानांना ठाऊक आहे. एवढं ज्ञान असलेला माणूस भेटला तर नाना स्वतःच त्याला किल्ली देतील.

शेवटी ७४५ रुपये अधिक जीएसटी भरले. चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे विचारले होते. ते रंगाच्या थराखालून रॉकेलच्या फडक्याने काढावे लागले. बसवायला आलेल्या पोराने गाडीत बसून सेल्फी घेतला आणि विचारलं, ‘‘आजोबा, हिचा गिअर कुठंय?’’ नानांनी स्टिअरिंगमागचा दांडा दाखवला. पोराने तो वायपरसाठी आहे असं समजून मान डोलावली आणि मधोमध अशी पाटी ठोकली की १९६६च्या क्रोमवर अशोकचक्र लखलख करायला लागलं. जुनी पाटी मात्र त्याने हात लावायच्या आत नानांच्या काखेत गेली होती.

ती आता आमच्या फ्लॅटच्या दारावर आहे, नानांच्या नावाच्या जागी. कुरिअरवाले बरोबर येतात, नातेवाइकांना तर नावापेक्षा ती लवकर कळते. अडचण फक्त सोसायटीची झाली. सेक्रेटरींची लेखी नोटीस आलीय: दारावरच्या पाट्या सर्वांच्या एकाच मापाच्या, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत असाव्यात, आपली पाटी सात दिवसांत बदलावी. नानांनी खाली उत्तर लिहून परत पाठवलंय. त्यांनी मुदतवाढ मागितलीय.