विकायचीय की पाजायचंय?

शेळीचं वजन शेळीकडे बघून ठरत नाही. विचारणारा कोण आणि कशाला विचारतोय, यावर ते ठरतं. आमच्या वहिनींच्या दावणीची काळी घ्या. बाजारात गिऱ्हाईक समोर उभं असलं की ती चाळीसच्या खाली नसते, 'उचलूनच बघा की!' तशीच शेळी दुसऱ्याची असली आणि आपल्याला घ्यायची असली, तर 'नुसती हाडं हायत, पंचवीस भरली तरी पुष्कळ'. टेम्पोवाल्याशी भाड्याची घासाघीस चालू असताना ती मांडीवर मावण्याइतकी लहान होते, विम्याचा फॉर्म भरताना पुन्हा अंग धरते. आणि जंताचं औषध द्यायचा दिवस उजाडला की एका रात्रीत वीस किलोवर येते. आमच्या गावात 'ही किती किलोची असेल हो?' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, उलट विचारणा होते, 'विकायचीय की पाजायचंय?'

काळी हे विशेषनाम नाही, हे आधी सांगायला हवं. आम्ही तुळजापूर तालुक्यातले. 2023 साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीची जात मात्र अजून उस्मानाबादीच आहे, आणि या जातीच्या बहुतेक शेळ्या काळ्या. त्यामुळे कळपात मोठी काळी, धाकटी काळी, ठिपक्या कानाची काळी आणि नुसती काळी अशी मंडळी आहेत. जाणती उस्मानाबादी शेळी साधारण तीस-बत्तीस किलोची होते, असं पुस्तकात आहे. वहिनींनी पुस्तक मानलं असतं, तर मला लिहायला काही उरलं नसतं.

"औषध उष्ण पडतं भावजी, गाभडली म्हणजे?" हा वहिनींचा ठरलेला मुद्दा. तो अगदीच निराधार नाही. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात देऊ नये, असं डॉक्टरही सांगतात. पण वहिनी ही सवलत लेकुरवाळीला देतात, भाकडीला देतात आणि बोकडालाही देतात. बोकड गाभडल्याचं अजून तरी कुणाच्या ऐकिवात नाही. खरं कारण बाटलीत आहे. बाटली पुरवून वापरायची असते. तेल, साखर आणि औषध या तीन गोष्टी हात राखून वापरल्या तरच घर चालतं, अशी वहिनींची श्रद्धा आहे, आणि त्यांचं घर चाललेलं आहे, त्यामुळे वाद घालायला जागा राहत नाही.

दादांचं उलट. ते सढळ हाताचे. "असू दे की दोन-चार मिली जास्त, मरतंय का काय त्यानं?" अल्बेंडाझोलपुरतं हे बहुधा निभावतं. पण लेव्हामिसोल नावाचं औषध असतं, त्यात पुरेसं आणि फार यांच्यातलं अंतर थोडं आहे. ते जास्त झालं तर शेळी लाळ गाळते, थरथर कापते. म्हणजे एकाच घरात एक माणूस जंतांच्या बाजूनं आणि दुसरा औषध कंपनीच्या बाजूनं. शेळीच्या बाजूनं कुणीच नाही.

जंत मात्र अंदाजपंचे काम करत नाही. हिमोंकस नावाचा जंत शेळीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात बसतो. जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा धागा, पण रोज सुमारे 0.05 मिली रक्ताचा हिशेब तो चुकवत नाही. असे हजार जंत झाले तर दिवसाला 50 मिली, एक कटिंग चहा म्हणा ना. मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून कुरणात, कुरणातल्या ओल्या गवतावरून पुन्हा शेळीच्या पोटात. वीस किलोच्या हिशेबानं औषध पाजलं की यातले लेचेपेचे मरतात आणि निबर तेवढे उरतात. पुढची पिढी त्या निबरांची. पैदास केंद्रात निवडक बोकडांवर जे काम चालतं, ते आमच्या गोठ्यात जंतांवर चाललं होतं, आणि तेही विनाअनुदान.

मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा शिक्षक. वहिनींनी मला माझ्याच शाळेत पकडलं. "10 फेब्रुवारीला तुम्ही पोरांना जंताच्या गोळ्या वाटायचा. पहिलीतला किडमिड्या असू दे नाहीतर सातवीतला पाटलाचा धोंड, दोघांना एकच गोळी. तवा कुणाचं वजन केलंत?" मुद्दा बिनतोड होता. औषधही तेच, अल्बेंडाझोल. 400 मिलीग्रॅमची गोळी, दोन वर्षांच्या आतल्या लेकराला अर्धी. वजनाचा काटा वर्गात कधी आलाच नाही. पण माणसाच्या पोराला ती गोळी थोडी कमी-जास्त पडली तरी चालून जातं. शेळीचं यकृत पडलं तडफदार, ते औषधाचा फडशा मेंढीपेक्षाही लवकर पाडतं. त्यामुळे शेळीला मात्रा मेंढीहून जास्त लागते. सरकारदरबारी आपण 'शेळ्या-मेंढ्या' एका दमात म्हणतो, बाटलीवरही दोघींना एकाच ओळीत बसवतात. म्हणून किती पाजायचं हे डॉक्टरांनी सांगावं. किती किलोला पाजायचं, हे निदान आपल्याला माहीत असावं.

तर मी टेप काढली. टेप म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची ब्लाऊज शिवायची. सूत्र सोपं आहे: छातीचा घेर गुणिले छातीचा घेर गुणिले लांबी, सगळं इंचात, भागिले 660. मुळात 300 नं भागतात आणि पौंड मिळतात. 300 ला 2.2 नं गुणलं की 660, आणि पौंडांचे किलो होतात. हे मी गोठ्यात सांगत होतो तेव्हा ऐकायला फक्त करडं होती, आणि त्यांचंही लक्ष नव्हतं.

घेर घ्यायचा पुढच्या पायांच्या लगेच मागून, बगलेतून. लांबी खांद्याच्या टोकापासून शेपटीशेजारच्या हाडापर्यंत. शेळी सपाट जागी, चारी पाय सरळ, मान समोर. ही शेवटची अट लिहिणाऱ्यानं शेळी पाहिली होती का, कोण जाणे. दादांनी काळीचा कान धरला, मी टेप पोटाखालून पलीकडे टाकली, आणि पलीकडे ती धाकट्या काळीच्या तोंडात गेली. ती सोडवून आणेपर्यंत मोठी काळी फुगली. अंगाला काही लागलं की ही बया श्वास रोखून धरते. मग दादांनी तिला भुईमुगाचा पाला दाखवला, तिनं श्वास सोडला आणि मी आकडा वाचला: 27. लांबी 26. सत्तावीस सत्ते... पाटीवर म्हणजे गोठ्याच्या भिंतीवर खडूनं मांडलं. 729 गुणिले 26, 18,954. भागिले 660. उत्तर 28.7 किलो.

वहिनींचे वीस. वीसला बाटलीप्रमाणे, म्हणजे 10 किलोला 3 मिलीनं, होतात 6 मिली. टेपप्रमाणे होतात 8.6. घेर एक इंच जास्त वाचला असता तर वजन झालं असतं 30.9. म्हणजे एका इंचाला दोन किलोहून जास्त फरक, कारण घेराचा वर्ग होतो. वर्ग म्हणजे काय, हे मी वहिनींना सांगायला घेतलं तेव्हा त्यांना चुलीवरचं दूध आठवलं.

टेपवर विश्वास नको म्हणून सोयाबीन मोजायचा हुकाचा काटा आणला. पोत्याची झोळी करून तीत काळीला बसवलं आणि आढ्याला टांगलं. शेळी लोंबकळते तेव्हा काट्यावरचे आकडे स्थिर राहत नाहीत, तिचा आवाज मात्र एका पट्टीत स्थिर राहतो. तिसरी रीत तुम्हाला ठाऊक असेल: माणसानं शेळीला कवेत घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. ही रीत उत्तम आहे. पण तिच्यात दादांचं वजनही जाहीर होतं, आणि ते दादांनी आयुष्यभर पासष्ट सांगत आणलेलं आहे.

अचूक वजन सांगणारा माणूस गावोगावी असतोच. तो म्हणजे हेडी, शेळ्यांचा व्यापारी. तो शेळीजवळ जातो, बरगड्यांच्या मागं कमरेवर अंगठा आणि दोन बोटं दाबतो, कण्याला मांस किती आहे ते चाचपतो, पोटाखाली हात घालून जरा उचलल्यासारखं करतो. झालं. किलो-अर्धा किलोचाच काय तो फरक. लोणंदच्या बाजारात जाऊन बघा, अशी बोटं तिथं शेकड्यानं फिरत असतात. अडचण एवढीच, की बोटांना कळलेलं तोंड सांगत नाही. मी आमच्या ओळखीच्या एकाला चहा पाजून विनवलं, विकायची नाही, औषध पाजायचंय, खरं सांगा. त्यानं काळीची कंबर दाबली, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "बावीस." वर म्हणाला, "काढायची झाली तर आधी मला सांगा."

शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी तोडगा सांगितला. प्रत्येकीचं वजन होत नसेल, तर साधारण एका मापाच्या शेळ्यांचा गट करा, त्यातली सगळ्यात जड मोजा आणि तिच्या वजनानं त्या गटाला पाजा. करडांचा गट वेगळा. मी सरासरी सुचवली होती. ते हसले आणि म्हणाले, "गुरुजी, सरासरीनं निम्म्या शेळ्यांना कमी पडतं." छत्तीस वर्षं सरासरी शिकवून मला ही बाजू सुचली नव्हती. सगळ्या कळपाला सरसकट पाजायचीही गरज नसते, असं ते म्हणाले. खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. लालबुंद असेल तर राहू द्या, फिकी पांढुरकी असेल तर पाजा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचा तक्ताच निघाला आहे. वहिनी तक्त्याशिवाय हे कधीपासूनच करतात, आणि पापणीच्या बाबतीत त्या कधी खोटं बोलत नाहीत. पापणी विकली जात नसावी, म्हणून असेल.

आता तुम्ही शेळ्या पाळत असाल तर एवढं करा. पावसाळ्याच्या तोंडावर औषधाची बाटली आणाल, तेव्हा तिच्याबरोबर एक टेप आणा. सकाळी चरायला सोडण्याआधी, पाणी दाखवण्याआधी मोजा; भरल्या पोटाची शेळी टेपलाही फसवते. औषध सुई काढलेल्या सिरिंजनं ओठांच्या कोपऱ्यातून, जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, आणि तिची मान आभाळाकडे करू नका, औषध फुप्फुसात जातं. आणि टेप स्वतःची आणा. शिवणाची मागायला गेलात, तर त्या घरात तुमच्या शब्दाला पुढं वजन राहत नाही.