तोटीला सात वर्षं, तिला तीन

माननीय खासदारांस,



१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्याबद्दल उशिरा का होईना अभिनंदन. बायकांना चोरून पाहण्या-टिपण्याचं, जुन्या दंड संहितेतलं २०१३ चं ३५४-सी कलम आपण उचलून ७७ व्या क्रमांकावर ठेवलंत, ‘कोणताही पुरुष’ काढून ‘जो कोणी’ केलंत, म्हणजे डोकावणाऱ्या बायकांचाही बंदोबस्त झाला. शिक्षेला मात्र हात लावला नाहीत. पहिल्यांदा दोषी ठरला तर एक ते तीन वर्षं, आणि अटक झाली तरी जामीन हक्काचा. याच संहितेत मुलींच्या वसतिगृहातल्या बाथरूममधली नळाची तोटी कुणी लांबवली तर राहत्या इमारतीतली चोरी म्हणून सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि गुन्हा अजामीनपात्र. त्याच बाथरूमच्या झरोक्यातून मोबाइल आत धरणारा मात्र जामिनावर घरी. आपल्या लेखी पितळेला अब्रू आहे, हे कळलं.

आपण म्हणाल, सराईताला तीन ते सात वर्षं आहेतच की. आहेत, पण ती दुसऱ्यांदा दोष सिद्ध झाल्यावर. आधी पहिला खटला उभा राहायचा, वर्षानुवर्षं चालायचा, निकाल लागायचा, आणि मग साहेबांनी पुन्हा तोच उद्योग करून पुन्हा सापडायचं. तोवर मोबाइलमध्ये चाळीस बायका असल्या तरी कायद्याच्या दप्तरी तो नवखाच. मोजायचे असतील तर निकाल मोजू नका, बायका मोजा. त्यात पाहणारा, टिपणारा आणि गावभर पाठवणारा हे तिघं या कलमात एकाच रांगेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई दाखवू नका, तिथेही कमाल तीनच वर्षं आणि जामीन हक्काचाच.

शिक्षा वाढवून गुन्हे थांबत नाहीत, पकडले जाण्याची खात्री असली तर थांबतात, हा आक्षेप खरा आहे. पण मग तो तोटीला का लागू नाही? आणि इथे सुटकेची घाई हाच पुराव्याचा घात असतो: फोन जप्त झाला तरी क्लाउडवरची प्रत कुठूनही पुसता येते, नाहीतर पुढे पाठवता येते. खोट्या तक्रारींची भीती म्हणाल, तर या गुन्ह्यात बहुतेकदा आरोपी स्वतःच पंचनामा करून ठेवतो, तारीख-वेळेसकट. उरला ‘पोराचं आयुष्य बरबाद होईल’ हा गहिवर. २०१३ च्या विधेयकावरच्या चर्चेत, पाठलागाच्या कलमावर बोलताना, तेव्हाचे खासदार शरद यादव यांनी सभागृहालाच विचारलं होतं की मुलींच्या मागे आपल्यापैकी कोण गेलं नाही. त्या पोराच्या आयुष्याची काळजी संसदेत बोलून दाखवली जाते. आणि कपडे अडकवायच्या प्रत्येक हुकाकडे, चार्जरच्या प्रत्येक भोकाकडे जन्मभर संशयाने बघणारी ती? तिचं आयुष्य कुठल्या परिशिष्टात टाकलंत? लाज वाटायला हवी होती.

रागाच्या भरात एक विसरू नये: आपल्यातल्या बायकाही ट्रायल रूममध्ये जातात. २०१५ साली गोव्यात कांदोळीच्या एका दुकानात कॅमेऱ्याचं तोंड ट्रायल रूमकडे असल्याची तक्रार तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांच्या भेटीनंतर झाली होती. मंत्रिपद असूनही कपडे बदलताना वर बघावं लागतं, याचं मनापासून वाईट वाटतं. तेव्हा पुढच्या अधिवेशनात ७७ व्या कलमाबाबत एवढंच करा: पहिला गुन्हाही अजामीनपात्र ठरवा, प्रसारणाला वेगळी आणि मोठी शिक्षा लावा, आणि जितक्या बायका तितके गुन्हे धरा. तेही जड जात असेल, तर निदान तिला तोटीचा दर्जा द्या.

आपली नम्र,
एक मतदार